फेटिया किलोनं विकू नका, भाऊ

गेल्या रविवारी नागपुरातल्या एका हस्तकला प्रदर्शनात गेलो होतो. एका स्टॉलवर आरसे-कवड्या लावलेल्या पर्सा. "बंजारा वर्क आहे साहेब, एकदम ओरिजिनल." ओरिजिनलच होतं. जुना फेटिया कापून केलेल्या पर्सा होत्या त्या! कडेला कापलेल्या टाक्यांचे दोरे लोंबत होते. म्हटलं, फेटिया कोणाचा होता? तो म्हणाला, "ते कसं सांगू? माल किलोनं येते."

किलोनं!

फेटिया म्हणजे बंजारा बाईचा घागरा. पुसद, दिग्रस, मानोऱ्याकडच्या तांड्यांवर म्हाताऱ्या बायांच्या अंगावर अजून दिसतो. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरलेला हा समाज. विदर्भात समुद्र आहे का? मग फेटियावर कवडी आली कुठून? त्या वाटेनंच आली ना बाप्पा. पुढे रेल्वे आली, लदेणी बसली आणि इंग्रजांनी अनेक ठिकाणी याच लोकांवर 'गुन्हेगार जमात' असा शिक्का मारला. 1916 साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात बंजाऱ्यांवर लांबलचक प्रकरण आहे. ते साहेबांनी लिहिलेलं. बंजारा बाईनं स्वतः जे मांडलं, ते या कापडावर. पाहिलेलं फूल, चाललेली वाट, आईनं हात धरून शिकवलेला टाका.

काही जण म्हणतील, बाया स्वतःच विकतात, तुम्हाला काऊन त्रास? विकतात, कारण महिनोन् महिने डोळे फोडून केलेल्या नव्या कामाला आपण "तीनशेला द्या ना" म्हणतो. पैठणीच्या दुकानात मात्र आपलं तोंड बंद! आजोबांच्या वहीची पानं फाडून कोणी भेळ बांधून दिली, तर चालेल का तुम्हाला?

कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळून दशक उलटलं. आपल्याकडे पोहरादेवीला 2024 मध्ये बंजारा विरासत संग्रहालय झालं, चांगलंच झालं. पण काचेमागच्या कापडाला सलाम आणि स्टॉलवरच्या कापडाला कात्री, हे कसं चालतं?

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी जुना फेटिया कापलेला माल स्टॉलवर येऊच देऊ नये. नव्या कामावर बाईचं नाव आणि तांडा लिहावा. आणि ज्यांच्या घरी आजीचा फेटिया पेटीत पडला असेल, त्यांनी या दिवाळीत तो उन्हात टाका, फोटो काढा, कोणी भरला ते आईला विचारून लिहून ठेवा. फोटो इथं टाकले तरी चालेल, मी वाट पाहतो.