गोळी, पण कुणाला?

बोरिवली असो की मुलुंड, केमिस्टच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं की ‘गुडघा दुखतोय, काहीतरी द्या’ हे ऐकू येतंच. डायक्लोफेनॅकच्या पट्टीतून चार गोळ्या कापून हातात पडतात. खरं तर ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, असा नियम आहे.

मागणाऱ्यांना मी दोष देणार नाही. चार घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांना ‘विश्रांती घ्या’ सांगणं सोपं आहे. खाडा झाला की पैसे कापले जातात. सूज उतरवणारी गोळी त्या बाईचा दिवस निभावून नेते, आणि तो आराम खरा असतो.

पण अपाय त्याच मुळातून येतो. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होणं रोखतात; डायक्लोफेनॅकही त्याच गटातलं. या कामासाठी १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. हीच द्रव्यं सांध्यात सूज आणि वेदना वाढवतात. हीच जठराचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. गोळी गुडघा आणि मूत्रपिंड असा भेद करत नाही.

‘सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेते ना!’ हे समाधान मला सर्वांत धोक्याचं वाटतं. ती गोळी पोट सांभाळते. मूत्रपिंड नाही, हृदयही नाही. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक औषध पोटाला कमी त्रास व्हावा म्हणूनच आलं होतं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर कंपनीने ते ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतलं. आपल्या घरांत तर साठीनंतर रक्तदाबाची गोळी असते, कधी लघवी वाढवणारीही. त्यांच्या जोडीला रोजची वेदनाशामक आली, की मूत्रपिंडावर तिहेरी ताण पडतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. माझ्या आईला डॉक्टरांनी गुडघ्यावर लावायचं जेल आणि मांडीचे व्यायाम दिले. जेलमधलं औषध रक्तात फार कमी उतरतं. गोळी आहे, पण अगदीच असह्य झालं तर, तीही थोडेच दिवस.

पावसाळ्यात मात्र हिशेब पार बदलतो. अंग मोडून ताप आला की हात त्याच पट्टीकडे जातो. तो ताप डेंग्यूचा असेल तर प्लेटलेट आधीच घसरत असतात, आणि या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) असेल तर मूत्रपिंडावर आधीच घाला पडलेला असू शकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोची साथ पाहिली आहे. रक्ततपासणी होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. आणि वेदनाशामक गोळी घेताना कधीही शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवी कमी झाली किंवा पाय सुजले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.