आरोग्य-विचार : डोळा शाबूत, दृष्टि अर्धी

पानावर बसलेले आजोबा भाजी, आमटी, भात संपवितात; पण डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर तशीच राहाते. दारांतून जातांना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटतो. विचारलें तर म्हणतात, "डाव्या डोळ्यानें कमी दिसतें." चष्मा बदलूनही फरक पडत नाहीं, आणि घरचीं माणसें 'म्हातारपण!' म्हणून सोडून देतात. येथेंच चूक होते. कारण अशा वेळीं दोष बहुधा डोळ्यांत नसून त्यामागील वाटेवर असतो.

ही वाट कशी आहे तें पाहूं. प्रत्येक डोळ्यांतून सुमारें दहा लाख तंतूंची एक दृष्टिरज्जु निघते. मेंदूच्या तळाशीं दोन्ही रज्जूंचा संगम होतो. तेथें प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडील अर्ध्या पडद्याचे तंतु पलीकडे जातात, कानाकडील अर्ध्याचे आपल्याच बाजूस राहातात. पडद्यावर प्रतिमा उलट पडत असल्यामुळें, समोरच्या दृश्याची डावी बाजू दोन्ही डोळ्यांतून उजव्या मेंदूकडे जाते व उजवी बाजू डाव्या मेंदूकडे. शेवटीं हा निरोप डोक्याच्या पाठीमागील भागांत पोंचतो, तेव्हां आपणांस दिसतें.

म्हणून काय दिसेनासें झालें यावरून वाट कोठें तुटली हें ताडतां येतें. संगमाच्या अलीकडे इजा झाली तर त्याच एका डोळ्याची दृष्टि बिघडते. काचबिंदूंत रज्जूचें नुकसान असेंच, पण हळूहळू व नकळत होतें. पिट्युइटरी ग्रंथीची गांठ वाढून संगमावर दाब आला, तर दोन्ही डोळ्यांच्या कानाकडील बाजू जातात. संगमापलीकडे इजा झाली तर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू हरपते. आजोबांचें हेंच झालेलें असतें. रशिया-जपान युद्धांत (१९०४-०५) डोक्यास गोळी लागलेल्या सैनिकांची दृष्टि तपासून जपानी नेत्रवैद्य तात्सुजी इनोये यांनीं १९०९ मध्यें मेंदूंतील दृष्टिकेंद्राचा नकाशाच मांडला.

रोग्यास मात्र आपली उणीव कळेलच असें नाहीं. गेलेली बाजू काळी दिसत नाहीं. ती जणूं जगांतच नसते. यासाठीं घरीं एक सोपी परीक्षा करावी. रोग्यासमोर हातभर अंतरावर बसावें. त्यानें एक डोळा झांकून आपल्या नाकाकडे पाहावें. आपण वर, खालीं, उजवीकडे, डावीकडे बोटें धरून किती तें विचारावें. मग दुसरा डोळा झांकून तसेंच करावें. दोन्ही वेळीं एकच बाजू चुकली, तर दोष डोळ्यामागें आहे असें समजावें. उत्तरें बरोबर आलीं तरी तक्रार असल्यास डॉक्टरांस दाखवावेंच.

दृष्टि अकस्मात गेली असेल तर परीक्षा करीत बसूं नये. हातपाय चालत असले तरी तो मेंदूचा झटका असूं शकतो. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध साधारणपणें पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. तेव्हां सकाळची वाट न पाहतां तडक मोठ्या रुग्णालयांत न्यावें.

आणि गेलेली दृष्टि परत न आली तर? रोग्यास मान वळवून त्या बाजूस पाहण्याची संवय लावावी, वाटेंतील पाट-तांब्या उचलावेत, पान थोडें फिरवून वाढावें. 'दिसत कसें नाहीं?' हा प्रश्न मात्र त्याला विचारूं नये. डोळे उघडे असूनही त्याचें अर्धें जग नाहींसें झालें आहे. तें दाखविणें आतां घरच्यांचें काम.