खुजेपणासाठी दुसरा शब्द शोधा

गणपती असो की दिवाळी, परदेशातल्या मराठी मंडळात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आपल्या मुलांचं बोन्साय होऊ देऊ नका." टाळ्या पडतात. मी न्यूझीलंडमध्ये टोटाराची रोपं वाढवते आणि मला त्या टाळ्या टोचतात. वक्त्याच्या डोळ्यांसमोर असतं ते उपाशी ठेवलेलं, मुळं कापून कोंडलेलं झाड. ते बोन्साय नव्हे, ती हेळसांड आहे.

टोटारा हा इथला मूळचा सूचिपर्णी वृक्ष. याच्याच खोडातून माओरींनी आपल्या वाका, म्हणजे होड्या, कोरल्या. त्याचं रोप हाती आलं की पहिलं काम कात्रीचं नसतं. काही वर्षं त्याला जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मनसोक्त वाढू द्यायचं असतं. खोड जाड होतं ते पानांच्या जिवावर. म्हणून तळाची एखादी फांदी मुद्दाम मोकाट सोडतात आणि बुंधा भरल्यावरच ती काढतात. उथळ तबक येतं सगळ्यात शेवटी. आपण मात्र नर्सरीतून रोप आणतो, त्याच दिवशी तबकात बसवतो, तार गुंडाळतो, दिवाणखान्यात ठेवतो आणि ते वाळलं की बोन्सायला नावं ठेवतो.

कापण्यालाही शिस्त आहे. एका वर्षी एकच घाव : मुळांना हात लावला तर त्या वर्षी फांद्यांची मोठी छाटणी नाही. टोटारा जुन्या लाकडातून पुन्हा फुटतो. पाइनच्या फांदीवर हिरव्या सुया राखल्या नाहीत तर ती फांदी सहसा गेलीच. पाइनच्या मुळांवरची बुरशी त्याची सोबतीण असते, म्हणून सगळी माती धुऊन काढायची नाही. पाणी साचू नये म्हणून इथे सहज मिळणारी प्युमिसची खडी वापरायची. तार सालीत रुतण्याआधी काढायची, नाहीतर वळ वर्षानुवर्षं राहतात. आणि जपानी पुस्तकात मार्च लिहिलं असेल तर आपण सप्टेंबर वाचायचं, कारण इथला वसंत तेव्हा येतो. पुस्तकातल्या महिन्यापेक्षा समोरची कळी खरी.

"पण शेवटी तीस मीटरचं झाड तुमच्या हौसेपायी हातभर ठेवताच ना?" ठेवते. ज्यांना ते पटत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. मात्र लहान ठेवणं आणि उपाशी ठेवणं एक नव्हे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा पांढरा पाइन 1625 पासून घडवला जातो आहे. 1945 च्या अणुबॉम्बमधून तो वाचला, 1976 मध्ये अमेरिकेला भेट म्हणून गेला आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. उपासमारीवर कोणी चारशे वर्षं जगत नाही. मराठीत बोन्सायला वामनवृक्ष म्हणतात. वामन लहान होता, दुबळा नव्हता.

आता मुलांकडे येऊ, कारण विषय त्यांच्यावरूनच निघाला. तीन वर्षांच्या पोराला आपण श्लोक, नाच, भाषण आणि शनिवारची मराठी शाळा अशा चार तारा एकदमच गुंडाळतो. आजीशी फोनवर ते "माझा पुस्तक" म्हणालं की तिथल्या तिथे "माझं म्हण, माझं!" पुढच्या वेळी ते इंग्रजीत बोलतं आणि आपण कपाळाला हात लावतो. बोन्साय करणारा असा उतावळेपणा करत नाही. आधी मराठी चुकतमाकत, वाकडीतिकडी, भरपूर वाढू दे. लिंग-वचनाची कात्री नंतर आहेच.

म्हणून वक्त्यांना विनंती : मुलं खुजी होताहेत असं वाटत असेल तर तसं सरळ म्हणा, बोन्सायला मधे ओढू नका. आपण मुलांचं बोन्साय करत नाही. त्याला लागणारा धीरच आपल्याकडे नाही.