व्हॅलिडिटी २१ दिवस

परवा ऑफिसमधल्या पोरांचा वीकेंडचा प्लॅन शिजत होता. पवना लेक, टेंट, बार्बेक्यू, कुणीतरी गिटार आणणार. एकानं मला विचारलं, "सर, येताय का? भारी स्पॉट आहे. पाहिलाय का कधी?"

मी नुसता हसलो. पाहिलाय का म्हणे! माझ्या शाळेतल्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिथं गेल्यात राव. फक्त तेव्हा त्याला कुणी 'लेक' म्हणत नव्हतं. ते आमचं धरण होतं. पवनानगरला लोक सर्रास काले कॉलनी म्हणायचे. मामा पाटबंधारे खात्यात, म्हणून घर कॉलनीत. समोर पाणी, एका अंगाला तिकोना, पलीकडे तुंग. आणि घरात बाळ्या.

बाळ्या म्हणजे माझा मामेभाऊ. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याचं खरं नाव लिहीत नाही, मामीला नाही आवडायचं. तो आठ महिन्यांचा असताना कळलं, थॅलेसेमिया मेजर. म्हणजे काय, तर शरीराला धड हिमोग्लोबिनच बनवता येत नाही. औषध एकच, बाहेरून रक्त. कुणाला दोन आठवड्यांनी लागतं, कुणाला चार. बाळ्याचा हिशोब २१ दिवसांचा. जन्मभर.

दर तीन आठवड्यांनी मामी त्याला घेऊन निघायची. एसटीनं कामशेत, तिथून लोकल, मग पुण्यातलं हॉस्पिटल. दिवसभर बाटली, संध्याकाळी परत. जायच्या दिवशी पोरगं पांढरंफटक, चार पायऱ्या चढला तरी दम लागायचा. दुसऱ्या दिवशी तेच पोरगं क्रिकेटमध्ये आमच्याशी एलबीडब्ल्यूवरून भांडायचं. पुढं मोबाइल आले तेव्हा त्यानं या सगळ्याला नाव दिलं. "दादा, टॉकटाइम संपलाय. रिचार्ज मारून येतो. व्हॅलिडिटी २१ दिवस!"

पण खरी गोम रक्तात नव्हती, रक्ताबरोबर येणाऱ्या लोहात होती. एका पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. शरीर रोज टाकून देतं ते जेमतेम एखादा मिलिग्रॅम. उरलेलं साठत जातं, यकृतात, ग्रंथींमध्ये, हृदयात. हे मला कुठल्या डॉक्टरनं नाही, सातवीतल्या बाळ्यानं समजावलं. धरणाकडे बोट दाखवून म्हणाला, "पाऊस पडतोय, पडतोय, आणि धरणाला दरवाजेच नाहीत असं समज. पाणी सोडायचं कुठून?" मग शर्ट वर करून पोटावरची सुई दाखवली. "हा माझा दरवाजा."

तो दरवाजा म्हणजे एक छोटा पंप. आठवड्यातल्या पाच रात्री, आठ-दहा तास, कातडीखालच्या सुईतून थेंबथेंब औषध. आम्ही भुताच्या गोष्टी सांगत गच्चीवर झोपायचो आणि बाळ्या पंप उशाशी घेऊन. कूस बदलताना आधी पंप सांभाळायचा, मग स्वतः. पुढं लोह काढणाऱ्या गोळ्या आल्या, तेव्हा त्यानं अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले होते. कारण विचारलं तर म्हणाला, "आता पालथं झोपता येतं!"

घरी येणारा प्रत्येक पाहुणा मात्र डॉक्टर. अंगात रक्त नाही ना, मग बीट द्या, पालक द्या, गूळ-शेंगदाणे द्या, लोखंडी कढईत भाजी करा. मामी बिचारी 'हो हो' म्हणायची. खरं तर बाळ्याला नेमकं हेच वर्ज्य. उलट जेवणाबरोबर चहा प्यायची त्याला मुभा होती, कारण चहानं अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. आम्हाला जेवताना चहा मागितला तर धपाटा मिळायचा. हा इंद्रायणीच्या भाताबरोबर चहाचे घोट घ्यायचा आणि आमच्याकडे बघून भुवया उडवायचा.

या आजारात पुष्कळदा उंची खुंटते. सतरा वर्षांचा बाळ्या बारा वर्षांचा दिसायचा. एसटीत कंडक्टर न विचारता हाफ तिकीट फाडायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, सांग की!" तर म्हणाला, "कशाला? सरकारनं दिलेली एवढी एकच सवलत आहे, घेऊ दे." वाचलेल्या पैशांचा कामशेत स्टेशनबाहेर वडापाव. आता २०१६च्या कायद्यानं थॅलेसेमियाला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलंय. बाळ्याला ते बघायला मिळालं नाही.

बारावीनंतर त्यानं चौकात मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकलं. धरणावर आलेल्या टुरिस्टांचे पाण्यात पडलेले फोन सुकवून द्यायचा. धंदा बरा चालायचा. आम्ही त्याची कीव करायचो आणि तो आमचे हँडसेट फुकटात दुरुस्त करायचा.

आता जे सांगायचंय ते जरा अवघड आहे. २००७ साली वाढदिवसाला त्यानं दुकानासमोर रक्तदान शिबिर ठेवलं. मला पुण्यात फोन केला, "दादा, पहिला नंबर तुझा लावलाय." मी म्हटलं, "अरे, परीक्षा आहे." परीक्षा कसली? मी मल्टिप्लेक्सच्या रांगेत उभा होतो. मला सुईची भीती वाटायची. ज्याच्या पोटात रात्र-रात्र सुई असायची, त्याला हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानंही पुन्हा कधी विचारलं नाही.

२०११च्या जूनमध्ये बाळ्या गेला. पंचविसाव्या वर्षी. हृदयानं साथ सोडली. थॅलेसेमियात बहुतेकदा तेच होतं, लोह शेवटी तिथंच गाठतं. दिवसकार्याला बसलो असताना मी डोक्यात हिशोब केला. वर्षाला सतराएक खेपा, चोवीस वर्षं, म्हणजे चारशेच्या वर खेपा. मोठेपणी एका खेपेला दोन-दोन पिशव्या. कमीत कमी सहाशे अनोळखी माणसांनी या पोराला पंचवीस वर्षं चालवलं. त्या सहाशेंत सख्खा आतेभाऊ एकदाही नव्हता.

पंधराव्या दिवशी मी रक्तपेढीत गेलो. एवढंसं टोचलं. वीस मिनिटांत बाहेर, हातात बिस्किटाचा पुडा. एवढ्यासाठी मी त्याला थाप मारली होती? बाहेर पायरीवर बसून रडलो, जे स्मशानात जमलं नव्हतं.

आणखी एक. बाळ्याचा आजार आमच्या घरात उघडपणे कुणी बोलत नसे. 'मुलींची लग्नं व्हायचीत' हे कारण. खरं तर नेमकं त्याच कारणासाठी बोलायला हवं होतं. आईवडील दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसते वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे कळतही नाही. मामा-मामींना बाळ्यामुळे कळलं. मग दुसऱ्या मुलाचं धाडस त्यांना झालं नाही. बोन मॅरो बदलून हा आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता बहुधा सख्खं भावंड. ती वाट अशी बंद झाली.

माझ्या धाकट्या बहिणीचं ठरत होतं तेव्हा मी हट्टानं आम्हा दोघांची हिमोग्लोबिन ए-टूची टेस्ट केली. साधी रक्ताची टेस्ट. माझी नॉर्मल, तिची मायनर. आई म्हणाली, "आता पाहुण्यांना काय सांगायचं?" बहिणीनं स्वतःच मुलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन टेस्ट केली. नॉर्मल. लग्न झालं. पत्रिका जुळवायला मात्र आमच्याकडे तीन आठवडे लागले होते!

चिंचवडला राहतो, त्यामुळे पाणी अजून पवनेचंच पितो. बाळ्याच्या वाढदिवसाला काहीतरी करायचं म्हणून रक्त देतो, आणि मे महिन्यातही, कारण तेव्हा कॉलेजं बंद, शिबिरं कमी, पिशव्यांचा तुटवडा असतो. पुरुषांना तीन महिन्यांनी देता येतं, बायकांना चार. आजवर ३१ वेळा झालं. सहाशे काही फिटणार नाहीत.

तर त्या ऑफिसच्या पोरांना मी म्हटलं, येतो, पण आधी बुधवारी माझ्याबरोबर एके ठिकाणी यायचं. सहा जण आले. एकाचं हिमोग्लोबिन साडेबारापेक्षा कमी भरलं, तो हिरमुसला. पहिल्यांदाच देणारी एक पोरगी बिस्किट खात म्हणाली, "सर, माझी पिशवी कुणाला जाणार?"

म्हटलं, "माहीत नाही. कुणाची तरी व्हॅलिडिटी संपत आली असेल."