शेअरला दुष्काळ लागत नाही

आमच्या फुलंब्रीत अद्रक लावणारा शेतकरी भाव पडला की पीक काढतच नाही. कंद जमिनीत तसाच राखतो. वजन वाढते, पुढे भावही कदाचित सुधारतो. लोक याला हिंमत म्हणतात. बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात उमेद गेल्यामुळे असेल, मी आधी विचारतो, विहिरीला पाणी किती?

हाच प्रश्न परवा गल्लीतल्या एका तरुणाला विचारावासा वाटला. मक्याचे पैसे झाले नाहीत, घरात ओढाताण. गडी मात्र विप्रोचे शेअर धरून बसला आहे. म्हणाला, "काका, अमळनेरच्या लोकांनी घाबरून विकले असते, तर कोट्यधीश झाले असते का?"

अमळनेर आपल्याला परके नाही. सिल्लोडवरून अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश. तिथे डिसेंबर १९४५ मध्ये महंमद हशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. माल काय, तर वनस्पती तूप आणि पुढे ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण. गावकऱ्यांनी शेअर घेतले ते या तुपाचे! १९६६ साली वडील गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतले. संगणक आला तो त्यानंतर, १९८० च्या सुमारास. तेव्हा या मंडळींनी तंत्रज्ञानाचे भविष्य ओळखले होते, असे म्हणण्यात अर्थ नाही. कागद ट्रंकेत पडून राहिला, १९९७ साली एकास दोन बोनस मिळाला, असे पुढेही होत गेले. भाव दर मिनिटाला मोबाइलवर दिसत नव्हता, हेही त्यांचे भाग्यच.

मधे १९७२ चा दुष्काळ होऊन गेला. तेव्हा बियाण्यासाठी किंवा लेकीच्या लग्नासाठी ज्याला कागद विकावा लागला असेल, त्याची कथा कोण सांगणार?

तरीही त्या तरुणाची आशा मला खुळी वाटत नाही. विप्रोची मिळकत मुख्यतः अमेरिका-युरोपातून येते. गिरिजेला पाणी आले नाही म्हणून ती आटत नाही. ज्या तालुक्यात नोकरी, दुकान, उधारी सारे पावसावर, तिथे पावसाशी संबंध नसलेली चार पैशांची मालमत्ता असावी, असे माझे ठाम मत आहे. अर्थात कंपनीचा हिशेब डोळ्यांखालून घालावा. सत्यमवर विश्वास ठेवणाऱ्यांचे जानेवारी २००९ मध्ये एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून अधिक पैसे गेले. तेही आशावादीच होते.

दुष्काळात कंपनी टिकते, शेअर धरणाऱ्याचे घर टिकेल का, ते पाहायचे. म्हणून विचारले, "पैसे कुठले?"

"अर्धे माझे. अर्धे आईची पोत ठेवून काढलेले."

"मग पोतीचे अर्धे वीक, पोत सोडव. राहिलेले दहा वर्षे ठेव, मी काही बोलणार नाही."

"आणि उद्या भाव चढला तर?"

"तुझे अर्धे चढतीलच की!"

तो हसला, विचार करतो म्हणाला. सोनेतारणाची मुदत जूनअखेर संपते, ऐन पेरणीत.