काचेचा पाक

रव्याचे लाडू कधी बिघडलेत का तुमचे? माझे परवाच बिघडले. आई पुण्यात, मी जयपूरला, मध्ये व्हिडिओ कॉल. "एकतारी झाला का बघ," ती सांगत होती आणि मी दोन बोटांत पाकाचा थेंब धरून ताणत होते. तार येईना म्हणून जरा वेळ ठेवला, तर पाक पुढे गेला. लाडू असे झाले की घरमालकीण आंटींनी ते बत्त्याने फोडून खाल्ले. (आवडीने खाल्ले, हे महत्त्वाचं!)

ते लाडू फोडताना मला जोहरी बाजारालगतच्या गल्लीतले मीनाकार काका आठवले. एका लेखासाठी मी त्यांच्याकडे गेले होते. मीनाकारी म्हणजे दागिन्यावर बारीक कुंचल्याने केलेलं रंगकाम, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात तो रंग नसतोच, ती काच असते! रंगीत काचेची पूड ओली करून सोन्यात कोरलेल्या खाचांत भरायची आणि भट्टीत वितळवायची. राजा मानसिंगांनी सोळाव्या शतकात लाहोरहून कारागीर आमेरला आणले, तेव्हापासून ही कला इथली झाली.

खरी गंमत क्रमात आहे. सगळे रंग एकदम भाजत नाहीत. प्रत्येक काच वेगवेगळ्या उष्णतेला मऊ होते, म्हणून जिला जास्त आच लागते ती आधी. पांढरा सुरुवातीला, लाल सगळ्यात शेवटी. उलट केलं तर? पांढऱ्यासाठी भट्टी तापवली की आधी भरलेला लाल पातळ होऊन शेजारच्या खाचेत पसरणार. सोनं पुन्हा गाळता येतं, पण कोरणाऱ्याचे दिवस गेले ते गेलेच.

काच बर्फासारखी एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. तापेल तशी ती हळूहळू सैल होत जाते. या दाटपणाला विज्ञानात श्यानता म्हणतात आणि ती पॉईजमध्ये मोजतात. पाण्याची असते ०.०१ पॉईज. काच स्वतःच्या वजनाने ताणली जाऊ लागते तेव्हा तिची असते सुमारे ४ कोटी!

एवढी दाट वस्तू, तीही लालबुंद तापलेली, मोजायची कशी? पूर्ण वितळलेल्या काचेत प्लॅटिनमचा दांडा फिरवतात आणि तो फिरवायला किती जोर लागतो ते पाहतात. मऊ होण्याचं तापमान काढायची रीत मात्र थेट आपल्या स्वयंपाकघरातली वाटते. काचेची साधारण साडेतेवीस सेंटीमीटरची बारीक तार भट्टीत टांगायची, मिनिटाला ५ अंशांनी आच वाढवायची. तार स्वतःच्याच भाराने मिनिटाला १ मिलिमीटर लांबू लागली की ते तापमान लिहून घ्यायचं. खिडकीच्या साध्या काचेला ते सुमारे ७२० ते ७३० अंश सेल्सिअस येतं, ओव्हनच्या बोरोसिलिकेट भांड्यांच्या काचेला ८२०च्या आसपास.

या तापमानाला नाव आहे जेसी लिटलटन यांचं. ते अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत शास्त्रज्ञ होते. १९१३ मध्ये त्यांच्या पत्नीचं, बेसी यांचं, भाजण्याचं भांडं फुटलं. लिटलटननी कारखान्यातून बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ घरी आणला आणि बेसींनी त्यात स्पंज केक केला. १९१५ मध्ये पायरेक्सची भांडी बाजारात आली. नाव नवऱ्याचं राहिलं, म्हणून केक बेसींनी केला हे मुद्दाम सांगतेय.

काकांच्या भट्टीला तापमापक नव्हता. "मग कळतं कसं?" मी विचारलं. त्यांनी चिमट्यात धरलेलं पेंडंट भट्टीच्या तोंडाशी आणून दाखवलं. लाल पूड अजून साखरेसारखी खरखरीत दिसत होती. "रुको बेटा," म्हणत त्यांनी ते पुन्हा आत सारलं. थोड्याच वेळात बाहेर काढलं, तेव्हा ती खाच पाणी भरल्यासारखी चमकत होती. शेजारचा पांढरा जागचा हललासुद्धा नव्हता.