ख्रिस्तमंदिराचा गिलावा

जुनी इमारत जुनीच दिसली पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें हा समज इमारतीस घातक आहे. आणि ह्याचें ठळक उदाहरण म्हणजे गोव्यांतील बॉम जेझू हें ख्रिस्तमंदिर होय.

हें मंदिर जुनें गोवें येथें आहे. एके काळीं हें पोर्तुगीजांच्या राजधानीचें नगर होतें. पुढें रोगराईनें तें ओस पडलें, १८४३ सालीं राजधानीचा मान पणजीस मिळाला, आणि आज तेथें एक लहानसें गांव आहे. मंदिराचें काम १५९४ सालीं जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनीं आरंभिलें व १६०५ सालीं त्याचें पवित्रीकरण झालें. संत फ्रान्सिस झेव्हिअर ह्यांचा देह येथेंच ठेविलेला आहे.

मंदिराच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. हा दगड सच्छिद्र असून पाणी शोषून घेतो. हें जाणूनच बांधणाऱ्यांनीं त्यावर चुन्याचा गिलावा दिला होता. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज राजवटींतच, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून तो खरवडून काढण्यांत आला. तेव्हांपासून दरसाल शंभर इंचांहून अधिक पाऊस त्या उघड्या दगडावर कोसळत आहे, आणि दगड झिजत आहे.

कोणी म्हणतात, लोकांच्या डोळ्यांस आतां तांबडी भिंतच परिचित झाली आहे. तीच मंदिराची ओळख. परंतु हें मंदिर सुमारें साडेतीनशें वर्षें गिलाव्यांत होतें. तांबडें रूप पाऊणशें वर्षांचेंच आहे. मग खरें जुनें रूप कोणतें? गिलावा पुन्हा द्यावा, हीच मागणी आम्हांस रास्त वाटते. मात्र तो चुन्याचाच असावा. सिमेंट भिंतींतील ओल कोंडून ठेवितें.

साकोलीकडील शेतकऱ्याच्या मुलास हें निराळें सांगावयास नको. मृगापूर्वीं कवेलू फेरले नाहींत तर घर गळतें. आपल्या भंडारा जिल्ह्यांत कोहळी लोकांनीं बांधलेले जुने तलाव जेथें टिकले, तेथें पिढ्यानुपिढ्या कोणी तरी पाळीवर माती टाकीत आलें आहे. जुनी वस्तु टिकते ती तिला हात न लावल्यानें नव्हे, तर योग्य हात वेळोवेळीं लागल्यानें.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या गांवींही एखादें देऊळ, मशीद, प्रार्थनामंदिर किंवा वाडा असेल. जीर्णोद्धाराच्या उत्साहांत त्याजवर तैलरंग चढविण्यापूर्वीं, अथवा त्याचा गिलावा पाडण्यापूर्वीं, तो कशाचा होता व कां दिला होता, हें गांवांतील वृद्ध गवंड्यास विचारा. पालकांसही आमची हीच विनंती आहे. कारण वर्गणी त्यांच्याच हातून जाते, आणि ती चुन्यावर खर्चावी कीं सिमेंटावर, हें ठरविणारेही तेच असतात.